डावी नडगी

“काय बाई ह्या पेटीत, दगडं भरल्यात का? माझा घोटा पार सोलला.”

ही कुरकुर गोजरबाई नावाच्या एका म्हातारीची. मंचरहून डिंभ्याकडं निघालेल्या एसटीत ती खिडकीपाशी बसली होती आणि पत्र्याची पेटी तिच्या पायाशी कोंबलेली होती. मी त्या पेटीत होतो. तिच्या घोट्यात आणि माझ्यात फक्त एक पत्रा आणि गोधडीचा एक जुना तुकडा, एवढंच अंतर.

“पुस्तकं हायती, मावशी,” पेटी घेऊन निघालेली मुलगी म्हणाली. तिचं नाव नूतन.

“एवढी पुस्तकं? मग डोक्यात काय ठिवलंस?”

आजूबाजूची माणसं हसली. नूतन हसली नाही. म्हातारीनं मग चपला काढल्या, दोन्ही पाय खुशाल पेटीवर ठेवले आणि घोडेगाव यायच्या आत घोरायला लागली. मात्र झोपेतच ती सारखी पाय उचलून घेत होती. शेवटी जागी झाली आणि म्हणाली, “गाडीत येवढं उकडतंय, आन् ह्यो पत्रा एवढा गार कशानं गं?”

नूतननं पेटी पायानं आणखी आत सरकवली.

मित्रांनो, पेटीत पुस्तकं नव्हती. पेटीत अर्धा माणूस होता. तो अर्धा माणूस म्हणजे मी.

घाबरू नका. माझ्यापासून आजवर कुणाला इजा झालेली नाही. फार तर माझ्यामुळे काहीजण नापास झाले असतील, पण त्यात माझी चूक कमी आणि त्यांच्या झोपेची जास्त. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं हाडं शिकतात, तेव्हा त्यांना खरी हाडं हाताळावी लागतात. एका सांगाड्याचे मग दोन वाटे करतात. एका विद्यार्थ्याला डावी बाजू, दुसऱ्याला उजवी. याला मुलं ‘बोन सेट’ म्हणतात. मी डावा वाटा. माझी उजवी बाजू कुठं आहे, कुणाच्या पलंगाखाली आहे, हे मला ठाऊक नाही. कधीकधी वाटतं, तीही कुठंतरी माझी वाट बघत असेल. कवटी एकच असते. ती माझ्या वाट्याला आली, म्हणून तर बोलतोय.

बाकीच्या वस्तू सांगतात की आम्ही अमक्या कारखान्यात जन्मलो, तमक्या सुतारानं घडवलं. माझा जन्म मरणानंतरचा. त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही. आठवतं ते मोठ्या हौदातलं पाणी, औषधाचा डोळ्यांत जाणारा वास (डोळे नव्हते तरी) आणि एक माणूस ब्रशनं मला घासतोय, घासताना शीळ घालतोय. मी कुठून आलो हे त्यानं विचारलं नाही. माझ्या कमरेच्या हाडावरून मुलं सांगतात की मी पुरुष होतो. दातांवरून सांगतात की चाळिशी गाठली नसावी. आणि डाव्या नडगीवरून सांगतात की हा पाय कधीतरी मोडला होता आणि वाकडा जुळून आला. गुडघ्याखाली चार बोटांवर एक गाठ आहे आणि तिथून हाड जरासं बाहेर झुकतं. माझ्याबद्दल जगाला माहीत आहे ते एवढंच. नाव नाही, गाव नाही.

माझा पहिला धनी तन्वीर, जुन्नरचा. त्याचा बाप गफूर पत्र्याची कामं करायचा. डबे, पेट्या, पाण्याची नरसाळी. तन्वीर मला पुण्याहून गोणीत घालून घरी घेऊन आला, तेव्हा गफूरभाईंनी गोणीत एकदा डोकावून पाहिलं आणि गोणी बांधून टाकली. मग दोन दिवस खपून ही पेटी केली. कडा आत वळवल्या, म्हणजे कुणाला लागू नये. कुणाला, ते बोलले नाहीत. तन्वीरची आई जोहराबी हिनं आत गोधडीचं अस्तर शिवलं. शिवताना तिनं मुलाला विचारलं, “किसका है रे ये?”

“कॉलेज का है, अम्मी.”

“कॉलेज के हड्डियाँ होते क्या?” ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

पेटीच्या झाकणाला आतून तन्वीरनं आपलं नाव लिहिलं. पास झाल्यावर त्यानं मला राजुरीच्या उज्ज्वलाला दिलं. तिनं त्याच्याखाली आपलं नाव लिहिलं. तिच्याकडून मी पारगावच्या सुनीलकडं गेलो. अशी आमची रीत. वरच्या वर्गातल्यानं खालच्याला सेट द्यायचा, आणि देताना एकच सांगायचं: कवटीला खाली ठेवू नकोस. ते माझे भरभराटीचे दिवस. उज्ज्वला मला मांडीवर घेऊन पाठ करायची. सुनील माझ्या बरगड्यांवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवायचा आणि त्याची आई जेवायला हाक मारायची तेव्हा मला टॉवेलनं झाकून जायचा, जसं काही मलाही भूक लागेल. माझी वाकडी नडगी तर प्रसिद्धच होती. दुसऱ्या वसतिगृहातली मुलं ती बघायला यायची.

सुनील शिकला ते आयुर्वेद कॉलेज हायवेला लागून आहे. त्याचं नाव सांगत नाही. जाताना तो मला तिथंच देऊन गेला. तिथं पहिल्या दिवशी मुलं हात पुढं करून शपथ घेतात, की हा देह आमचा पहिला गुरू, याचा मान आम्ही राखू. मी कपाटातून दरवर्षी ऐकायचो. बरं वाटायचं. पण खरं सांगू, गुरूचं नाव काय, हे एकाही शिष्यानं कधी विचारलं नाही.

या गोष्टीत आणखी एकजण आहे, जो दिसत नाही. ते म्हणजे आरोग्य विद्यापीठ. डॉक्टर, वैद्य, नर्स, दाताचे डॉक्टर, सगळ्यांची कॉलेजं त्याच्या हाताखाली. एवढी वर्षं मी त्याचं नाव ऐकतोय, पण त्याला पाहिलेलं माणूस मला भेटलेलं नाही. त्याची पत्रं येतात. त्याची वेळापत्रकं येतात. परीक्षेच्या दिवशी पेपर कम्प्युटरमधून उतरतो आणि परगावचे परीक्षक त्याच्या नावानं येऊन खुर्चीत बसतात. ‘विद्यापीठाची कमिटी येणार’ एवढं कानावर आलं की भिंती रंगतात, पंखे पुसले जातात आणि मोठमोठ्या सरांचा आवाज खाली येतो. मला याचा आधार वाटायचा. न दिसता माणसांना ताठ बसवणारा मी एकटाच नाही.

मग एक वर्ष प्लास्टिकचा सांगाडा आला. पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंनी पुरा, चाकाच्या स्टँडवर उभा. त्याला काही मोडलेलं नव्हतं. मुलांनी त्याच्यासोबत फोटो काढले. माझी पेटी मागच्या खोलीत गेली, फुटक्या बरण्या आणि जुने तक्ते यांच्या शेजारी. पाच पावसाळे मी तिथं काढले. कोळ्यांनी माझ्या पेटीवर संसार थाटले. त्या खोलीत एकच माणूस यायचा. दादाभाऊ, प्रयोगशाळेचे शिपाई. कुलूप काढायच्या आधी ते दारावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, “येऊ का, पावणं?” मी काय बोलणार? पण ते क्षणभर थांबायचे, आणि मगच आत यायचे.

यंदाच्या परीक्षेला सोलापूरकडच्या एक परीक्षक बाई आल्या. केस पिकलेले, आवाज मऊ. त्या म्हणाल्या, “प्लास्टिकला काय विचारू? खरं हाड आणा.” दादाभाऊ धावत येऊन मला घेऊन गेले. किती वर्षांनी झाकण उघडलं! हिरवं कापड, खिडकीतलं ऊन, समोर घाबरलेली मुलं. मला माझे जुने दिवस परत आल्यासारखे वाटले.

मग त्याच कॉलेजात शिकणाऱ्या नूतनची पाळी आली. बाईंनी तिच्या हातात नेमकी माझी डावी नडगी ठेवली.

नूतन हाडाकडं बघत राहिली. तिचा अंगठा त्या गाठीवर गेला आणि तिथंच थांबला. हात इतका गार पडला की मला तो माझ्यातलाच वाटला.

“बाजू सांग,” बाई म्हणाल्या. हा हाडांतला सगळ्यात पहिला प्रश्न. आधी बाजू, मग बाकीचं.

नूतनचा अंगठा गाठीवरच होता.

“डावा की उजवा, एवढंच विचारते आहे, बाळ.”

एक शब्द नाही. मुलगी रडलीसुद्धा नाही. नुसती उभी राहिली. बाईंनी तिला पाणी दिलं, आणखी एकदा विचारलं आणि शेवटी कागदावर काहीतरी लिहिलं. नूतन त्या विषयात नापास झाली. विद्यापीठाची फेरपरीक्षा पाच आठवड्यांवर होती. ती सुटली नाही तर पुढच्या वर्गात पाऊल नाही.

दादाभाऊ हाडं पेटीत ठेवत होते, तेव्हा ती मागं आली.

“काय गं पोरी, एवढं बी आलं नाय तुला?”

“येतंय मामा.”

“मग?”

“तोंडातनं निघत न्हाई.” मग म्हणाली, “सुट्टीत पेटी घरी नेऊ का? अभ्यासाला.”

दादाभाऊंनी सरांची चिठ्ठी आणायला लावली. चिठ्ठी आली. पेटी तिच्या हातात देताना त्यांनी झाकणावर हात फिरवला आणि हळूच म्हणाले, “नीट जावा, पावणं.” हे तिला नव्हतं, मला होतं. अशी मी ती एसटी गाठली.

नूतनची वाडी डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं भाताची खाचरं डोंगरावर चढत जातात. भाद्रपद लागला होता. तिकडं भाद्रपदात धुकं दारात येऊन बसतं, बोलावल्यासारखं. घरात तिचे वडील रामदास, आई जया आणि चुलती कोंडाबाई. कोंडाबाईला नूतन ‘थोरली’ म्हणायची. जयाचे हात कायम शेतात, म्हणून नूतनला वाढवलं ते थोरलीनंच.

“काय गं त्यात?” जयानं विचारलं.

“मॉडेल हाय, आई. प्लास्टिकचं.”

पेटी माळ्यावर गेली, भाताच्या कणग्यांशेजारी. पहिल्याच दिवशी घरातलं मांजर वर आलं, पेटीवर बसलं आणि खाली उतरेना. जेवायला हाक मारली तरी नाही. शेवटी जयानं त्याची ताटली माळ्यावर सरकवली. मांजर पेटीच्या झाकणाला कान लावून बसायचं. मी काही बोलत नव्हतो, पण ते ऐकत होतं. आणि एक सांगतो, हसू नका. धुकं आत शिरलं की माझी डावी नडगी ठणकायची. वीस वर्षांत कधी ठणकली नव्हती.

माळ्यावरून घर चांगलं ऐकू येतं. चार दिवसांत मला कळलं की या घरात एक नाव घेत नाहीत.

ते नाव भिका. रामदासचा थोरला भाऊ, कोंडाबाईचा नवरा. या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. लोक उंच चढून हिरडा झोडतात, वाळवतात, तो औषधाला जातो. भिका हिरड्यावरून पडला. पाय मोडला. वाडीतल्या जानकूबाबांनी बांबूच्या कामट्या बांधून पाय बसवला, पण तो वाकडाच जुळला. मग त्याला झाडावर चढणं होईना, खाचरात उभं राहणं होईना. एक दिवस मंचरच्या मार्केटात काम बघतो म्हणून गेला. तिथून पुण्याला गेला म्हणतात. चोवीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही, माणूस नाही.

जया हे सगळं नूतनला लहानपणापासून कुजबुजत सांगायची, आणि तेही कोंडाबाई ओढ्यावर गेलेली बघून. जया या घरात आली तीच भिका गेल्यानंतर. तिलाही ते कुणी धड सांगितलं नव्हतं. कारण सांगायला बसलं की शेवटी एक वाक्य येतं, आणि ते वाक्य कुणाला नको होतं. कोंडाबाईच्या कपाळाला कुंकू होतं. गावातल्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण बोट तिच्या कपाळापाशी नेताना त्यांचा हात हवेत जरासा थबकायचा. ते थबकणं ती चोवीस वर्षं बघत होती.

आता तुम्हाला कळलं ना, परीक्षेत नूतनच्या तोंडून शब्द का निघाला नाही? बेवारस माणूस मेला तर कधीकधी शिकायच्या टेबलावर येतो, हे तिला कॉलेजात समजलं होतं. आणि तिच्या हातात चाळिशीच्या आतल्या पुरुषाची नडगी होती, मोडून वाकडी जुळलेली. ती कोणत्या बाजूची, हे तिला पाहताक्षणी कळलं होतं. हाडाची धार पुढं धरली की घोट्याचा उंचवटा आतल्या अंगाला येतो, त्यावरून बाजू समजते. तिला कळत नव्हतं ते दुसरंच. चुलत्याचा कोणता पाय मोडला होता? एवढा एक प्रश्न घरात विचारला असता तर सगळं मिटलं असतं. पण नाव घेतल्याशिवाय पाय कसा विचारणार?

त्या मुलीनं पेटी अभ्यासाला आणलीच नव्हती. विचारायला आणली होती. आणि रोज विचारायचं राहत होतं.

पाचव्या दिवशी तिनं पडवीत गोणपाट अंथरलं आणि मला त्यावर मांडलं. रामदास खाचरातून आले, पाय धुतले आणि उभे राहिले.

“प्लास्टिकचंच हाय ना?”

“व्हय आबा.”

त्यांनी वाकून नडगी उचलली. हातात तोलली. मग त्यांचा अंगठासुद्धा त्या गाठीवर गेला.

“प्लास्टिकला असा मोड येतो व्हय गं?”

नूतननं मान खाली घातली. रामदासांनी हाड जिथून उचललं तिथंच ठेवलं, परत जाऊन हात धुतले आणि अंगणात गेले. पडवीतून मला दिसत होतं. धुक्यात तो माणूस डावा पाय ओढत चार पावलं चालला. थांबला. मग उजवा ओढत चार पावलं चालला. परत डावा. त्यांना भावाचं लंगडणं आठवत होतं, बाजू आठवत नव्हती. अंगणभर ते असे फिरत राहिले, आणि मला वाटलं की धुक्यात त्यांच्या मागं आणखी कुणीतरी तसंच चालतंय.

संध्याकाळच्या आत ते जानकूबाबांना घेऊन आले. बाबांचं वय ऐंशीच्या वर, डोळे अधू, पण बोटं जागी. त्यांनी नडगी मांडीवर घेतली आणि वरपासून खालपर्यंत चाचपली.

“ह्यो जोड माझा,” ते म्हणाले.

“बाबा, नीट बघा,” रामदास म्हणाले.

“बघायचं काय त्यात? ही बघ कामटीची जागा. ही दुसरी. अरं, माझ्या हातचं काम मला कळंना व्हय? पुण्याच्या डाक्टरला असा जोड जमायचा न्हाई.”

“दवाखान्यात सरळ जोडत्यात बाबा,” जया हळूच म्हणाली.

“सरळ काय कुणी बी जोडंल!”

कुणी हसलं नाही. रामदास खाली बसले. जयानं पदर तोंडाला लावला. नूतन माझ्या कवटीकडं बघत होती, आणि त्या नजरेत मी आता हाड नव्हतो. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मलाही वाटलं. मला वाटलं, मी भिकाच असेन. हे घर माझं असेल, ही पडवी, ते हिरड्याचं झाड. एवढ्या वर्षांनी मला नाव मिळणार होतं. नडगी अशी ठणकत होती जशी आत्ताच मोडली असावी.

“वैनीला कुणी सांगू नका,” रामदास म्हणाले.

मागच्या दारी कोंडाबाई भांडी घासत होती. त्या क्षणी भांड्यांचा आवाज थांबला. मग परत भांडी वाजू लागली, आधीसारखीच.

पुढं तीन दिवस ती माळ्यावर भात काढायला येत होती. भात काढून झाला की पेटीशेजारी बसायची. मांजर सरकून तिला जागा द्यायचं. पेटी तिनं उघडली नाही. नुसता तळहात झाकणावर ठेवून बसायची, गफूरभाईंचा पत्रा कोमट होईपर्यंत. मग उठून जायची. ती एक शब्द बोलली असती तर मी काहीही कबूल केलं असतं.

पुढची हकीकत सांगण्याआधी माझं मागणं सांगून टाकतो, कारण नंतर मला बोलायला जागा उरणार नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, वैद्य होईल, नर्स होईल. तुमच्या हातात माझ्यासारखं कुणीतरी येईल. त्याची बाजू जरूर सांगा, मार्क जरूर मिळवा. पण हाड खाली ठेवण्याआधी एकदा मनात विचारा, हा कुणाचा होता? उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. दादाभाऊंसारखं, दारावर टकटक केल्यासारखं. आम्हाला तेवढं पुरतं. आणि जे जिवंत आहेत त्यांनाही वेळेत विचारा. मोडलेला पाय कोणता, हे विचारायला चोवीस वर्षं लावू नका.

तर चौथ्या दिवशी या घरची पित्रं होती.

भाद्रपदात पित्रांना जेवू घालतात, तुम्हाला ठाऊक असेल. या घरची रीत अशी, की पळसाच्या पानांवर भात, वडा, खीर वाढून पानं पडवीच्या कौलांवर ठेवायची. घरातली मोठी बाई पान वाढून देते आणि पुरुष ते ठेवताना मोठ्यानं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याचं पान. न घेतलं तर तो उपाशी. जेवायला जानकूबाबांना बोलावलं होतं. भर दुपार, पण धुकं इतकं की कौलं दिसत नव्हती. कावळेही दिसत नव्हते. नुसते पंख ऐकू येत होते.

रामदास एकेक पान ठेवत गेले. आज्याचं नाव घेतलं. आजीचं घेतलं. बापाचं, आईचं. दरवर्षी आईच्या नावानंतर ते क्षणभर थांबायचे, तोंड उघडं राहायचं आणि मग हात जोडून ‘चला’ म्हणायचे. आज ते थांबले ते थांबलेच. हात जोडेनात. जया त्यांच्याकडं बघेना, नूतन कुणाकडंच बघेना.

तेव्हा कोंडाबाई घरातून बाहेर आली. काखेत पेटी होती, हंडा धरावा तशी. तिनं पेटी पडवीत ठेवली आणि पहिल्यांदाच तिचं झाकण उघडलं. शोधाशोध केली नाही. सरळ नडगी उचलली. उभी धरून डोळ्यांसमोर नेली, खालून वरपर्यंत एकदा हात फिरवला.

“नूतन,” ती म्हणाली, “ह्यो डावा का उजवा?”

जो प्रश्न तिला परक्या बाईनं तीनदा विचारला होता, तोच आता हिनं विचारला होता. कौलांवर पंख वाजत होते.

“डावा,” नूतन म्हणाली. “डावा हाय, थोरले.”

“नक्की?”

“नक्की. ह्यो घोट्याचा उंचवटा आतल्या अंगाला येतो. डावाच.”

कोंडाबाईनं नडगी छातीशी धरली.

“त्यांचा उजवा मोडला व्हता.”

जानकूबाबा पाटावरून अर्धे उठले. “काय बोलतीस कोंडे! माझा हात मी वळखत न्हाई व्हय?”

“जानकूबाबा, तुमी आख्ख्या वाडीचे पाय बसवले. सगळे वाकडेच बसले. त्यातला कोणता कुणाचा, तुमी काय वळखनार? मी सा महिने तेल चोळलंय त्या पायाला. मला इचारा की. मला येकानं तरी इचारलं का?”

जयाला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. बाबा पुटपुटत खाली बसले. नूतननं कोंडाबाईच्या कुशीत डोकं घातलं.

म्हणजे मी भिका नव्हतो. चार दिवस माझं एक घर होतं, ते गेलं. नडगी ठणकायची थांबली. माझं नाव दुसऱ्याच कुठल्या वाडीत कुणाच्या तरी तोंडात अडकून राहिलेलं असेल. पण कोंडाबाईनं मला खाली ठेवलं नव्हतं. परका निघालो तरी तिनं मला छातीशी धरलेलं होतं.

“भावजी, दोन पानं आनखी वाढते,” ती रामदासांना म्हणाली. “येक ह्याचं. ह्याचं नाव आपल्याला ठावं न्हाई, तवा नुसतं ‘पावणं’ म्हना.”

रामदासांनी पान घेतलं. कौलावर ठेवलं. “पावणं,” ते म्हणाले. आणि मित्रांनो, धुक्यात कुणीतरी ते पान ओढल्याचा आवाज आला.

ती दुसरं पान वाढत होती. भात, वडा, खीर. रामदासांनी ते हातात घेतलं नाही.

“वैनी, आता ह्यो पाय त्याचा न्हाई म्हनल्यावर… दादा कुटं तरी असंल की. असंल का न्हाई?”

सगळ्यांनी चोवीस वर्षं जपून ठेवलेला ‘असंल’ तो, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. कोंडाबाई पान घेऊन पडवीच्या कडेला गेली. पाय उंचावून तिनं ते स्वतःच कौलावर ठेवलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

“भिका,” ती म्हणाली. मग वळून सगळ्यांकडं बघितलं. “भिका मेला.”